ओवीमागचे दळण

श्रोतेहो, तुमच्या घरातले जाते आता कुठे आहे? कुणी म्हणेल, परड्यात उलटे पडले आहे. कुणाच्या दारी त्याची वरची तळी पायरीला बसवलेली असेल. कुणी ते तुळशीजवळ ठेवले असेल, तर कुणी विकूनही टाकले असेल. काही घरांत मात्र लग्नकार्य निघाले की जाते धुऊनपुसून बाहेर येते. त्याच्या खुंट्याला हळकुंड बांधतात, चार सुवासिनी भोवती बसतात, नवरीची हळद दळतात आणि चार ओव्या म्हणतात. मग जाते पुन्हा आपल्या कोपऱ्यात जाते.

जात्याचे काम सुटले, पण ओवीचे कौतुक मात्र वाढले. शाळेच्या पुस्तकात ओवी आहे, स्नेहसंमेलनात नऊवारी नेसून जाते फिरवणाऱ्या मुली आहेत, व्याख्यानात 'मराठी स्त्रीच्या हृदयाचा हुंकार' म्हणून तिचा गौरव आहे. हा गौरव योग्यच आहे. परंतु ओवीच्या गोडव्याविषयी बोलताना आपण एक गोष्ट सहज विसरतो. ओवी हे कामाच्या वेळचे गाणे होते, आणि ते काम अत्यंत जड होते. ते काय होते, कोण करत होते आणि किती करत होते, हे समजल्यावाचून ओवी पुरती समजत नाही. म्हणून आज आपण ओवीच्या शब्दांपेक्षा तिच्या मागच्या दळणाकडे जरा पाहू या.

प्रथम एक साधा हिशेब मांडू. तो माझा अंदाजी हिशेब आहे. गुरुजींनी वर्गात फळ्यावर मांडून पाहायला हरकत नाही. घरात लहानमोठी आठ माणसे आहेत असे धरा. माणशी दिवसाला अर्धा किलो धान्य धरले, तर रोजचे चार किलो झाले. वर्षाचे झाले १,४६० किलो, म्हणजे जवळजवळ साडेचौदा क्विंटल. तेराव्या-चौदाव्या वर्षी सासरी आलेली मुलगी चाळीस वर्षे जात्याशी बसली, तर तिच्या हाताखालून ५८,४०० किलो धान्य गेले. शंभर-शंभर किलोची ५८४ पोती! घरात जाऊबाई असेल आणि दोघींनी खुंटा धरला असेल तर निम्मी वाटणी धरा. तरीही एकेका बाईच्या वाट्याला पावणेतीनशेच्या वर पोती येतातच. हे केवळ दळणाचे झाले. निवडणे, पाखडणे, कांडणे, पाणी भरणे, भाकऱ्या थापणे आणि मग दिवसभर शेतात राबणे यांचा हिशेब निराळा.

कुणी विचारील, रोज पहाटे उठून दळायचे कशाला? आठवड्याचे एकदम दळून का ठेवले नाही? याचे उत्तर धान्यातच आहे. बाजरीच्या दाण्यात तेल असते. तिचे पीठ चार-आठ दिवस राहिले की कडवट होते. ज्वारीचे पीठ शिळे झाले की त्याचा चिकटपणा जातो आणि भाकरी थापताना कडेने फाटते. तेव्हा ज्या मुलखाचे पोट ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर चालते, तिथे पीठ ताजेच लागते. शिवाय दिवस उजाडल्यावर दुसरी कामे उभी असत. मग दळणाला वेळ उरे तो रात्रीच्या चौथ्या प्रहरी. घर झोपलेले, बाहेर काळोख, आणि घरातली एक किंवा दोन माणसे जागी. ही जागी माणसे म्हणजे बायका.

हे काम किती जुने आहे? पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे पंधरा वर्षे तिथे उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे, चुली आणि धान्याच्या कणग्यांच्या जागा तिथे सापडल्या. धान्य रगडण्याचे दगडही सापडले. हे दगड गोल फिरणारे नव्हते. आपल्या पाट्या-वरवंट्यासारखे, पुढेमागे रगडायचे होते. गोल जाते भारतात त्यानंतर पुष्कळ शतकांनी आले. पण दगड बदलला तरी त्याच्यापुढे बसणारे माणूस सहसा बदलले नाही.

हे कशावरून म्हणायचे? त्याला एक विलक्षण पुरावा आहे, तो मात्र दूर सीरिया देशातला. तिथे अबू हुरेरा नावाच्या प्राचीन वस्तीचे उत्खनन १९७२-७३ साली झाले. जगातल्या अगदी पहिल्यावहिल्या शेतकऱ्यांपैकी काही तिथे राहत होते. तिथे मिळालेले मानवी सांगाडे लंडनच्या थिया मॉल्सन या विदुषीने बारकाईने तपासले. काही सांगाड्यांच्या पायाच्या अंगठ्याचे सांधे झिजून वाकडे झाले होते, गुडघ्यांवर आणि कमरेच्या मणक्यांवर ताणाच्या खुणा होत्या. गुडघे टेकून, अंगठे मागे दुमडून, तासन्‌तास दगडावर धान्य रगडल्याने त्या पडल्या होत्या. आणि असे सांगाडे बहुतेक बायकांचे होते. म्हणजे लिहिण्याची कला जन्मण्याच्या कितीतरी आधी दळणाने बायकांच्या हाडांवर आपली नोंद करून ठेवली होती!

आता गाण्याकडे येऊ. जाते ओढताना गाणे का लागते? ज्यांनी जाते ओढले आहे त्यांना हे सांगायला नको; पण तरुण मंडळींसाठी सांगतो. दोन बायका समोरासमोर बसतात, एक पाय लांब, एक पाय दुमडलेला. दोघींचे हात एकाच खुंट्यावर. एकीने ओढायचे, दुसरीने सोडायचे आणि पुन्हा आपल्याकडे घ्यायचे. मधूनच एकीने डाव्या हाताने दाण्यांची मूठ जात्याच्या तोंडात वैरायची. एकीचा ओढा जलद आणि दुसरीचा मंद झाला तर जाते अडते, खांदा दुखावतो. दोघींचा श्वास एका लयीत यायला हवा. ही लय ओवी देते. एक बाई चरण म्हणते, दुसरी तो उचलते. तेवढ्यात पहिलीला दम घ्यायला सवड मिळते. मधले 'बाई', 'सये', 'गं' हे शब्द भरताड म्हणून आलेले नाहीत. फेरा पुरा होईपर्यंत सूर धरून ठेवण्याचे काम ते करतात. ओवीचा घाट असा दगडाच्या फेऱ्यातून आणि माणसाच्या दमातून घडला आहे.

गाण्याचे आणखीही एक काम होते. पहाटेच्या झापडीत डोळा लागला तर खुंटा सुटेल. गाणारे माणूस झोपत नाही.

या गाण्याची एक फार जुनी नोंद आपल्याला मिळते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ केला. राजाने काय खावे, कसे खेळावे, कोणते संगीत ऐकावे, असे नाना विषय त्यात आहेत. त्या संगीताच्या प्रकरणात तो सांगतो की महाराष्ट्रात बायका कांडण करताना ओवी गातात. म्हणजे ओवीचा उल्लेख येतो तोच कामासकट येतो. राजाच्या दरबारातल्या पंडितालाही ओवी आणि मुसळ यांची फारकत करता आली नाही.

त्यानंतर सुमारे एकशे साठ वर्षांनी, १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगून झाली. नऊ हजारांवर ओव्या आहेत तिच्यात. ग्रंथातली ओवी आणि जात्यावरची ओवी यांच्या बांधणीत फरक आहे हे खरे. परंतु नाव एकच, आणि नावाचा मान थोरलीकडे म्हणजे बायकांच्या ओवीकडे जातो. मराठी भाषेचे सर्वांत मोठे लेणे ज्या छंदात घडले, तो छंद उखळाजवळ आणि जात्याजवळ राबणाऱ्या बायकांच्या तोंडी आधीपासून होता. मराठी कवितेच्या इतिहासाची पहिली पाने वाचताना ही गोष्ट नेहमी ध्यानात ठेवावी.

इथे आणखी एका माणसाची आठवण करायला हवी. जाते दळते कशाने? त्याच्या दोन्ही तळ्यांना छिन्नीचे बारीक टवके असतात, म्हणून. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की दाणा नुसता भरडतो, त्याचे पीठ होत नाही. मग जात्याला पुन्हा टाकी लावावी लागते. हे काम करणारी माणसे गावोगाव हिंडत, दारात बसून दगडावर घाव घालीत आणि पसाभर धान्य घेऊन पुढच्या गावी जात. त्यांच्यातल्या एका समाजाचे नावच टकारी असे आहे. या नावात टाकी आहे. दगडाची बारीक धूळ नाकातोंडात घेत त्यांनी महाराष्ट्राची जाती चालती ठेवली.

त्यांना याचे काय मिळाले? इंग्रजी राजवटीने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. या कायद्याने अनेक भटक्या समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. टकारी त्यांत होते. हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही, अशी बंधने त्यांच्यावर आली. हिंडून पोट भरणाऱ्याने हिंडायचे नाही म्हटल्यावर त्याने काय खावे? तो कायदा देशभर रद्द झाला १९५२ साली. पण 'जात्याला टाकी लावणारा' ही ओळख पुसून 'चोर' ही ओळख चिकटली, ती कायद्याबरोबर गेली नाही. याच समाजातून आलेले लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली 'उचल्या' हे आत्मकथन लिहिले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ओवीची थोरवी सांगणाऱ्या ग्रंथांच्या शेजारी हे पुस्तकही ठेवावे. एका कपाटात दोन्ही बसली म्हणजे जात्याचा इतिहास पुरा होतो.

आता ओवीतल्या प्रेमाविषयी. जात्यावर बसलेली बाई कुणाविषयी गाते? आईविषयी, भावाविषयी, तान्ह्या बाळाविषयी, पंढरीच्या विठोबाविषयी, वनवासातल्या सीतेविषयी. माहेराविषयी तर किती! या ओव्यांतले प्रेम फार खरे आहे. पण ते पहाटेच आणि जात्यापाशीच का बोलले गेले, याचा विचार करा. नव्या सुनेला दिवसा बोलायला जागा नव्हती. सासूपुढे, दिरापुढे, मोठ्या माणसांपुढे माहेरची आठवण काढणे म्हणजे सासरची तक्रार. जात्याची घरघर सुरू झाली की त्या आवाजाच्या आडोशाला मनातले शब्द बाहेर येत. समोर बसलेली जाऊ किंवा नणंद ऐके. पण ते गाणेच असल्यामुळे कुणाला बोल लावता येत नसे. ज्या कष्टाने तिला बांधून ठेवले, त्याच कष्टाने तिला बोलायची एवढी एक खिडकी दिली.

आणि या प्रेमालाही पुन्हा कष्ट लागतच. भाऊ भेटीला आला की बहिणीला आनंद होई, ओवीत तो आनंद उतरे. परंतु भाऊ आला म्हणजे पुरणपोळी आली. पुरणपोळी आली म्हणजे गहू दळायचा, डाळ शिजवायची आणि पाट्यावर पुरण वाटायचे. त्या दिवशी जाते अधिक वेळ फिरे. नवरीच्या हळदीचे तसेच. लग्नमंडपात नवरीचे अंग हळदीने उजळलेले आपण पाहतो. पण ते कठीण हळकुंड कुणीतरी दगडाखाली फोडून बारीक दळलेले असते. त्यातही रीत अशी की ती हळद सुवासिनींनीच दळायची. घरातली विधवा त्या दिवशी जात्यापासून दूर. मग वर्षाचे उरलेले दिवस घराचे पीठ कुणी काढले? पुष्कळ घरांत तिनेच. तिचे कष्ट रोज चालत, तिचा हात मात्र शुभकार्याला चालत नसे. असे का, हा प्रश्न आपल्या आजीला न विचारता आपण स्वतःलाच विचारलेला बरा.

श्रोतेहो, या कष्टांना नाव होते काय? या बाबतीत जुन्या ग्रीस देशातले एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. होमर कवीचे 'ओडिसी' हे महाकाव्य सुमारे २,७०० वर्षांपूर्वीचे. त्यात राजवाड्यातल्या जात्यांवर बारा दासी दळत असतात. अकरा जणींचे दळण पुरे होऊन त्या झोपी जातात. एक अशक्त दासी मागे राहते आणि पहाट होऊ आली तरी दळतच असते. जे उन्मत्त लोक घरात ठाण मांडून रोज जेवणावळी झोडत आहेत, त्यांचे हे शेवटचे जेवण ठरो, असे ती देवाकडे मागते. पुढे तसेच घडते. काव्याच्या नायकाला तिचे बोल शुभशकुनासारखे वाटतात. पण त्या काव्यात वीरांची, राजांची, घरातल्या दाईचीही नावे आहेत. या दळणारीचे नाव कवीने सांगितलेले नाही. तिचे शब्द तेवढे घेतले आणि तिला तिथेच ठेवले.

आपल्याकडे मात्र एक नवल घडले. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची एक मुलगी पंढरपुरात दामाशेटींच्या घरी कामाला राहिली. ही जनाबाई. ती नामदेवाच्या घरची दासी. दळण, कांडण, झाडलोट, पाणी, शेणी वेचणे ही तिची कामे. आणि हीच कामे तिच्या अभंगांत आली. देव तिच्या शेजारी जात्याला हात लावायला बसतो, ही कल्पना सातशे वर्षे मराठी मनाने जपली आहे. पंढरपूरजवळ गोपाळपुरात तिचे म्हणून एक जाते दाखवतात. वारकरी त्याला हात लावून पुढे जातात. पण मला त्याहून मोठी वाटते ती एक गोष्ट. अभंगाच्या शेवटी जनाबाई आपले नाव घालते. तिच्या नावाबरोबर 'दासी' हा शब्दही येतो. म्हणजे आपण कोण आणि आपले काम काय, हे दोन्ही तिने लिहवून घेतले. होमरच्या दळणारीला जे मिळाले नाही, ते आमच्या दळणारीने आपल्या हाताने मिळवले.

सगळ्यांनाच हे जमले नाही. खानदेशात जळगावजवळच्या असोद्याला १८८० साली बहिणाबाई चौधरी जन्मल्या. अक्षरओळख नाही, लहान वयात लग्न, तरुणपणी वैधव्य, शेताघरातले अखंड काम. काम करता करता त्या गाणी रचीत आणि गाणी वाऱ्यावर जात. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. त्या घरोटावरही त्यांचे गाणे आहे. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता. त्याने आणि घरातल्या एका भावाने त्यांतली काही गाणी टिपून ठेवली. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात वारल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांचे पुस्तक निघाले. स्वतःचे पुस्तक त्यांनी पाहिले नाही. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. पण विचार करा, घरात लिहिता मुलगा नसता तर? शेजारच्या घरात, पलीकडच्या गावात अशी किती गाणी पिठाबरोबर उडून गेली असतील, त्यांची गणती आता कोण करणार?

पुढे गावात पिठाची गिरणी आली. आधी तेलाच्या इंजिनावर चालणारी, मग विजेवरची. काही गावांत ती स्वातंत्र्याच्या आधी आली, काहींत बरीच नंतर. डबा डोक्यावर घेऊन गिरणीपर्यंत जायचे, रांगेत उभे राहायचे, तरी पहाटेचे दोन-दोन तास सुटले. आणि गिरणी आली तशी ओवी ओसरली. जिथे काम संपले तिथे कामाचे गाणे कशाला राहील?

याविषयी आपल्यात हळहळ ऐकू येते. 'गिरणीने ओवी मारली' असे लोक म्हणतात. हे म्हणणाऱ्यांत जात्याचा खुंटा कधी हाती न धरलेली मंडळीच अधिक असतात! ज्या बाईने चाळीस वर्षे दळले, तिला विचारा. ती ओवी आठवील, म्हणून दाखवील, तिचे डोळेही भरून येतील. पण 'पुन्हा जाते मांडू का?' म्हटले तर हात जोडील. हे जगात इतरत्रही असेच झाले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास पाण्यावर चालणारी चक्की नवीनच निघाली, तेव्हा अँटिपेटर नावाच्या ग्रीक कवीने दळणाऱ्या मुलींना उद्देशून एक छोटी कविता केली. कोंबडा आरवला तरी आता खुशाल झोपा, तुमचे काम पाण्याच्या देवतांनी उचलले आहे, असा तिचा भावार्थ. त्या कवीला जात्याचे गाणे बंद पडल्याचे दुःख झाले नाही. मुलींना झोप मिळाली याचा त्याला आनंद झाला. मला वाटते, त्याची दृष्टी निकोप होती.

मग ओवी जाऊ द्यायची काय? मुळीच नाही. दळण गेले ते बरे झाले. परंतु दळणारीने जे रचले ते जपले पाहिजे, आणि तिच्या नावानिशी जपले पाहिजे. जपण्याचे काम आपल्याकडे अनेकांनी केले. साने गुरुजींनी गावोगावच्या ओव्या गोळा करून 'स्त्री-जीवन' हे संकलन सिद्ध केले. डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीमार्फत एकामागून एक संग्रह प्रसिद्ध केले. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन इथे स्थायिक झालेले गी पॉइटवाँ यांनी, गावातल्या बायकांनाच बरोबर घेऊन, हे काम फार मोठ्या प्रमाणावर केले. महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतल्या लाखाच्या वर ओव्या त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहून घेतल्या. बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने पुष्कळ ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. ग्रामीण भारताची नोंद ठेवणाऱ्या 'पारी' या संग्रहाने २०१७ पासून त्या ओव्या सर्वांना ऐकायला खुल्या केल्या आहेत. या कामात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे, की ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव, गाव आणि तालुका यांची नोंद आहे. 'लोकसाहित्य' म्हटले की कवीच्या जागी 'अज्ञात' असे लिहायची आपल्याला सवय आहे. ती बाई अज्ञात नव्हती. आपण तिला विचारले नव्हते, एवढेच.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, म्हणून शेवटी तुम्हाला एक काम सांगतो. खर्चाचे नाही, फार वेळाचेही नाही. ज्या आजीबाई जात्यावर बसल्या, त्या आता ऐंशीच्या घरात आहेत. दरवर्षी त्यांतल्या काही कमी होतात. ओवीचा पाठ शिकवायला घ्याल तेव्हा मुलांना त्यांच्या घरी पाठवा. आता खिशातल्या मोबाइलमध्येही आवाज धरून ठेवता येतो; तो नसला तर वही-पेन्सिल आहेच. नुसत्या 'आजी, ओवी सांगा' म्हटल्याने पुष्कळदा काही आठवत नाही. जाते घरात असेल तर त्याच्यापाशी बसवा, खुंट्याला नुसता हात लावू द्या. हाताला आठवले की तोंडाला आठवते. मग मुलांनी ओवी उतरून घ्यावी. पण तेवढ्यावर उठू नये. आणखी चार प्रश्न विचारावेत. आजी, तुम्ही किती वाजता उठत होता? किती दळत होता? समोर कोण बसत असे? जात्याला टाकी लावायला कोण येत होते?

आणि वहीत ओवीच्या खाली ही उत्तरे लिहावीत. सर्वांत खाली आजीचे पूर्ण नाव लिहावे. अमक्याची आई किंवा तमक्याची सून असे नको, तिचे स्वतःचे नाव. पुष्कळ घरांत मुलांना ते नाव त्या दिवशी प्रथमच कळेल. शक्य असेल तर एक वाटी दाणे घेऊन मुलांना आणि मुलींना, दोघांनाही, जाते ओढायला लावा. पाच मिनिटांत तळहात तापतील, खांदा भरून येईल. मग पाठातली ओवी पुन्हा मोठ्याने वाचायला सांगा. या वेळी मुले ती निराळ्या आवाजात वाचतील.